अलंकाराची सचोटी

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्या मध्यम स्थितींतल्या घरांत जितका सहज विचारला जातो, तितका विचारपूर्वक बहुधा विचारला जात नाहीं. काटकसरीनें संसार करणाऱ्या पिढ्यांनीं तो आपल्याला शिकविला, आणि त्यानें आपलें पुष्कळ हितहि केलें. परंतु प्रश्न जुना आणि हितकर असला म्हणून तो प्रत्येक ठिकाणीं पुरा पडतोच असें नाहीं. अलीकडे तरुण मुलामुलींत वाढलेल्या एका हौसेच्या निमित्तानें या प्रश्नाची थोडी फेरतपासणी करण्याचा विचार आहे. ही हौस म्हणजे विजेच्या उपकरणांत असतो तो सर्किट-बोर्ड केवळ शोभेसाठीं स्वतः आंखून करवून घेणें. वरवर पाहतां विषय क्षुल्लक आहे. पण क्षुल्लक वस्तूंत नीतीचे प्रश्न पुष्कळदां अधिक स्पष्ट दिसतात, कारण तेथें स्वार्थाची धूळ कमी उडालेली असते.

रेडिओ, टेलिफोन, संगणक यांच्या पोटांत जो हिरवा फलक असतो, तो वाचकांनीं केव्हां ना केव्हां पाहिला असेलच. कांचेच्या धाग्यांचें कापड इपॉक्सी नांवाच्या राळेंत घट्ट बसवून त्याची सुमारें १.६ मिलिमीटर जाडीची पाटी करतात. तिच्यावर तांब्याचा पत्रा असतो, तो सामान्यतः ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अठ्ठाविसाव्या भागाइतका पातळ. नको तेवढें तांबें रसायनानें खाऊन टाकलें म्हणजे हव्या त्या रेषा उरतात, आणि त्या रेषांतून वीज वाहते. ही युक्ति मूळची छापखान्याची. व्हिएन्नाहून लंडनला आलेला पॉल आइस्लर हा अभियंता छपाईच्या धंद्यांत वावरलेला होता. त्यानें १९३६ सालीं तारांच्या जंजाळाऐवजीं छापील रेषांवर चालणारा रेडिओ तयार केला. चित्राचा ठसा उठविण्याची विद्या वीज वाहून नेण्याच्या कामीं लागली, ती अशी. म्हणजे या फलकाच्या जन्मांतच चित्रकलेचा अंश आहे. मध्यंतरीं कारखान्यांच्या घाईंत त्याची आठवण मागें पडली, इतकेंच.

ती आठवण हौशी लोकांनीं पुन्हां जागी केली आहे. ‘डेफ कॉन’ या संगणक-सुरक्षेच्या अमेरिकन संमेलनानें २००६ सालीं आपल्या पाहुण्यांना द्यावयाचा बिल्लाच प्रथम सर्किट-बोर्डाचा केला, आणि त्या सुमारापासून शोभेच्या फलकांची आवड वाढत गेली. फ्रान्समधील जाँ-पिएर शारास यांनीं १९९२ सालीं सुरू केलेला ‘कीकॅड’ हा आराखड्याचा प्रोग्रॅम आज कोणालाहि फुकट मिळतो. आराखडा पुरा करून कारखान्याकडे धाडला कीं पांच-दहा फलक माफक किंमतींत घरपोंच येतात. त्यामुळें ज्यानें विजेचें शास्त्र नुकतेंच हातीं घेतलें आहे असा शाळकरी मुलगा किंवा कॉलेजांतली मुलगी घुबड, कमळ, पणती, किल्ल्याचा बुरूज अशा आकारांचे फलक आंखीत रात्री बसलेली दिसते.

या कलेची रंगपेटी फार लहान आहे. फलकावर जो हिरवा, आणि हल्लीं काळा, निळा वा जांभळाहि, लेप देतात, त्याच्याखालीं तांबें असेल तेथें एक छटा दिसते, आणि तांबें नसेल तेथें दुसरी. लेप काढून तांबें उघडें ठेवल्यास कारखान्यांत त्यावर कथिलाचा किंवा सोन्याचा मुलामा चढतो. हें सोनें साधारणपणें मायक्रॉनच्या दहाव्या भागापेक्षां जाड नसतें. लेप आणि तांबें दोन्ही काढलीं तर मूळ पाटीचा पिवळसर, प्रकाश झिरपूं देणारा रंग उघडा पडतो. आणि शेवटीं खुणा व अक्षरें छापण्याची पांढरी शाई. एवढ्या पांच छटांत सारा संसार करावयाचा. असें असूनहि त्यांत कांहीं मंडळी इतकें नाजूक काम करतात कीं जुन्या तांबटाला आणि मिनागाराला कौतुक वाटावें.

मुलाच्या टेबलावर असा फलक पाहून वडील विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ त्यांच्या पाठीमागें मोठमोठे विचारवंत उभे आहेत, हें त्यांना ठाऊक नसतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं, आइस्लर ज्या शहरांत वाढला त्याच व्हिएन्नांत, अॅडॉल्फ लोस या वास्तुशिल्पकारानें अलंकाराविरुद्ध मोठी मोहीम चालविली. नक्षीवर खर्चलेले श्रम वायां जातात, आणि नक्षीची चाल जुनी झाली कीं धडधाकट वस्तुहि माणसें टाकून देतात, असें त्याचें म्हणणें. त्याच्या कितीतरी आधीं, १८४९ सालीं, जॉन रस्किन यानें ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत दोन गोष्टी बजावल्या होत्या. एका द्रव्यानें दुसऱ्या द्रव्याचें सोंग आणूं नये, ही पहिली. आणि माणूस जेथें कामाच्या घाईंत असतो, उदाहरणार्थ आगगाडीच्या स्टेशनावर, तेथें अलंकार लादूं नये, ही दुसरी. लोसचा आक्षेप अपव्ययाचा आहे, रस्किनचा खोटेपणाचा. दोन्ही आक्षेप शोभेच्या फलकाला लागू पडतात कीं नाहीं, हें निरनिराळें पाहिलें पाहिजे.

खोटेपणाचा प्रश्न आधीं घेऊं. द्रव्याच्या बाबतींत हा फलक निर्दोष आहे. त्यांतलें तांबें तांबेंच असतें, आणि सोनें कितीहि पातळ असलें तरी सोनेंच असतें. रस्किनचा दुसरा नियमहि येथें आडवा येत नाहीं. कारण कामाच्या गर्दींतून काढून भिंतीवर किंवा छातीवर विसांव्याला आणलेली ही वस्तु आहे. पण खोटेपणाचा एक निराळाच प्रकार येथें संभवतो, आणि नवशिक्याचा पाय पहिल्यानें तेथें घसरतो. संगणकाच्या फलकावरील रेषांचे समांतर जाणारे जथे, त्यांचीं पंचेचाळीस अंशांचीं वळणें, जागोजाग पाडलेलीं बारीक छिद्रें यांची त्याला भुरळ पडलेली असते. मग तो आपल्या घुबडाभोंवतीं तशाच रेषांचें जाळें काढतो. त्या कोठून निघत नाहींत आणि कोठें पोंचत नाहींत. छिद्रांत कशाचाहि पाय बसत नाहीं. चित्र मोठें विद्वान् दिसतें.

हें असत्य म्हणावें काय? कोणी म्हणेल, रांगोळींतली वेल तरी कोठें खरी असते? हें खरें, परंतु रांगोळीची वेल ‘मी वेल आहें’ असें कोणाला पटवूं पाहत नाहीं. ती चित्र आहे, हें काढणारीला आणि पाहणाऱ्याला सारखेंच ठाऊक असतें. सर्किटाचें सोंग आणणाऱ्या रेषेची गोष्ट तशी नाहीं. पाहणारा सामान्य माणूस तिच्यापुढें थबकतो तो ‘येथें कांहीं तरी गहन चाललें आहे’ या समजुतीनें. तो जो आदर दाखवितो, तो ज्ञानाचा आदर असतो. आणि तें ज्ञान तर करणाऱ्यानें अजून मिळविलेलें नसतें. न मिळविलेल्या विद्येचा मान उसना घेणें हा येथला दोष आहे. तो लहान आहे, हें मान्य करावें. पण जात तीच आहे, जी न वाचलेल्या ग्रंथांनीं कपाट भरणाऱ्याची असते.

याच्या उलट दोन प्रकारच्या रेषा सचोटीच्या असतात. एक, जी खरोखरच वीज वाहते: घुबडाच्या पंखाची कड म्हणून वळत गेलेली आणि डोळ्यांतल्या दिव्यापर्यंत पोंचलेली. दुसरी, जी उघडपणें चित्रच आहे: पिसांचे तांब्याचे ठिपके, ज्यांना सर्किट म्हणून कोणी ओळखणार नाहीं आणि ओळखावें अशी कोणाची इच्छाहि नाहीं. जी रेष वीज वाहत नाहीं आणि वाहण्याचा आव मात्र आणते, तीच तेवढी टाकून द्यावयाची. नवशिक्यानें आपल्या आराखड्यांतील प्रत्येक रेषेवर बोट ठेवून ‘तूं या दोहोंतली कोणती?’ असें विचारावें, एवढा एकच नियम मला पुरेसा वाटतो.

यावर असें म्हणतां येईल, कीं हा फरक पाहणाऱ्याला कळतच नाहीं. मग जें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं त्यांत नीति-अनीति कसली? या आक्षेपाला आपल्याकडच्या विणकरांनीं पूर्वींच उत्तर देऊन ठेवलें आहे. पैठणीचा पारखी पदराची उलटी बाजू पाहतो. हातमागावरच्या अस्सल विणींत पुढची नक्षी मागेंहि तशीच स्वच्छ उतरलेली असते. ती मागची बाजू नेसणारीच्या अंगाला लागते, लोकांना दिसत नाहीं. तरी पैठणीची परीक्षा तेथेंच होते, कारण जेथें पाहणारा कोणी नाहीं तेथें कारागीर फक्त आपल्या कामाशीं बांधलेला असतो.

हाच विचार फलकाच्या संबंधांत एकदां मोठ्या मौजेनें कसाला लागला. अँडी हर्ट्झफेल्ड यांनीं आपल्या आठवणींत १९८१ सालची एक गोष्ट दिली आहे. अॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाच्या फलकाचा आराखडा पाहून स्टीव्ह जॉब्झ यांनीं त्यांतल्या स्मरण-चिपांजवळच्या रेषा फार दाटीच्या, म्हणून कुरूप आहेत, अशी तक्रार केली. फलक पेटीच्या आंत बंद राहणार, तो पाहणार कोण, असें एका अभियंत्यानें विचारलें. तेव्हां चांगला सुतार कपाटाच्या पाठीलाहि हलकें लांकूड लावीत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर जॉब्झ यांनीं दिलें. सुमारें पांच हजार डॉलर खर्चून अधिक सुरेख आराखड्याचे कांहीं फलक करविण्यांत आले, आणि ते नीट चालले नाहींत. शेवटीं जुन्याच आराखड्याकडे परत यावें लागलें.

ही गोष्ट जॉब्झ यांच्या बाजूनेंहि सांगतां येते आणि त्यांच्या विरुद्धहि; मला ती दोन्ही बाजूंनीं खरी वाटते. न दिसणाऱ्या भागाविषयीं आस्था बाळगणें हें थोर कारागिराचें लक्षण आहे, यांत संशय नाहीं. पण तांब्याच्या रेषेला स्वतःचा धर्म असतो, आणि डोळ्याला प्रिय वाटतें म्हणून ती तो सोडीत नाहीं. सौंदर्य त्या धर्माच्या आंत राहून साधावयाचें असतें. त्याच मॅकिंटॉशच्या कर्त्यांनीं १९८२ सालीं आपल्या सह्या केल्या, आणि त्या पेटीच्या आंतल्या बाजूला सांच्यांत उमटविण्यांत आल्या. १९८४ सालीं तो संगणक बाजारांत आला तेव्हां विकत घेणाऱ्याच्या दृष्टीस त्या पडत नव्हत्या. त्या सह्यांनीं यंत्राच्या कामांत कांहीं अडथळाहि आणला नाहीं. येथें अलंकार, अभिमान आणि काम हीं तिन्ही एका पेटींत सुखानें नांदलीं.

आतां नवशिक्याविषयीं एक व्यावहारिक शंका उरते. ‘आधीं चालतें करायला शीक, मग सजव,’ असा वडीलधाऱ्यांचा उपदेश असतो. तो समंजस वाटतो; तरी तो मला सर्वस्वीं मान्य होत नाहीं. मराठींत ‘वळण’ हा शब्द अक्षराच्या घाटालाहि लावतात आणि माणसाच्या शिस्तीलाहि. मूल पाटीवर श्री गिरवितें तेव्हां त्याला काव्य लिहावयाचें नसतें कीं हिशेब मांडावयाचा नसतो. त्याच्यापुढें फक्त एक आकार असतो. पण तो आकार नेटका येण्यासाठीं हात, डोळा आणि मन एका ओळींत यावें लागतें. अर्थाचें ओझें नसल्यामुळेंच वळण लागतें. शोभेचा फलक हें असेंच गिरवणें आहे. फरक एवढाच, कीं येथें चुकलेलें अक्षर गुरुजींच्या नव्हे तर विजेच्या नजरेस पडतें.

समजा, एखाद्या मुलीनें दिवाळीसाठीं पणतीच्या आकाराचा फलक करावयाचें ठरविलें. ज्योतीच्या जागीं दोन्ही बाजूंचें तांबें आणि लेप काढून टाकला म्हणजे तेथली पाटी प्रकाश झिरपूं देते. मागून एक लहान एल.ई.डी. लावला कीं ज्योत उजळते. चित्र झालें, आतां वीज आली. नाण्याच्या आकाराची बॅटरी ३ व्होल्ट देते. तांबड्या किंवा पिवळ्या दिव्याला सुमारें २ पुरतात. उरलेला १ व्होल्ट रेझिस्टरनें सोसावयाचा. प्रवाह ५ मिलिअँपिअर ठेवावयाचा तर हा रेझिस्टर २०० ओहमचा हवा. दिवा उलटा बसविला तर पेटत नाहीं. बॅटरीची खोबण नेमकी ज्योतीच्या मागें आली तर प्रकाशच अडतो. फलकाची मागची बाजू पुढून पाहतांना आरशांतल्यासारखी उलटी दिसते, हें ध्यानांत न राहिल्यास अक्षरें उलटीं उमटतात. पणतीखालीं ‘शुभ दीपावली’ असें लिहावयाचें, तर सुमारें ०.१५ मिलिमीटरहून बारीक रेघ छपाईंत नाहींशी होण्याचा संभव. म्हणून अक्षर जाड घ्यावें कीं पणतीच मोठी करावी, हें ठरविणें आलें. दोन रेषा फार जवळ आल्या तर प्रोग्रॅम तपासणींत तेथें खूण करतो, आणि त्याच्याशीं वाद घालतां येत नाहीं.

या एवढ्याशा पणतींत त्या मुलीला ओहमचा नियम, प्रकाशाचा मार्ग, देवनागरीचा बांधा आणि कारखान्याची मर्यादा यांची ओळख झाली. कोरड्या पाठांत यांतली एकेक गोष्ट तिनें कदाचित् विसरलीहि असती. येथें तिला विसरण्याची सोय नव्हती, कारण तिला ज्योत पेटलेली पाहावयाची होती. सौंदर्याच्या लोभानें माणूस सत्याच्या शिस्तींत शिरतो, तो असा. ज्या वडिलांनीं ‘उपयोग काय?’ म्हणून विचारलें, त्यांना अर्धें उत्तर येथें मिळतें.

अर्धेंच म्हणतों, कारण लोसचा आक्षेप अजून उभा आहे, आणि तो मला अधिक कठीण वाटतो. रांगोळी दुसऱ्या दिवशीं झाडली जाते, मातीची पणती मातींत मिळते. कांच आणि इपॉक्सी यांची ही पाटी मात्र कुजत नाहीं, आणि तिच्यांतलीं द्रव्यें पुन्हां वेगळीं करणें कष्टाचें असतें. २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें ६ कोटि २० लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, आणि त्यांतला शेंकडा २२.३ एवढाच भाग रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आणला गेल्याची नोंद आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो. हौशी मुलांच्या फलकांचा त्यांतला वांटा नगण्य असेल. तरीहि नीतीचा प्रश्न वांट्याच्या आकारानें सुटत नाहीं. कारखाने बहुधा एकच फलक करून देत नाहींत. हवा असतो एक, आणि येतात पांच. उरलेल्या चारांचें काय?

उपयोगी वस्तूचे अपराध तिचा उपयोग पोटांत घालतो. रोग्याच्या उशाशीं असलेल्या यंत्रांतला फलक कुरूप असला, किंवा त्यानें पृथ्वीवर थोडा भार टाकला, तरी आपण त्याला क्षमा करतों. शोभेच्या वस्तूला असा कोणी कैवारी नाहीं. ती कां अस्तित्वांत यावी, याचें उत्तर तिला स्वतःच्या अंगच्या गुणांनींच द्यावें लागतें. म्हणून शोभेची वस्तु करणाऱ्यावरची जबाबदारी उपयोगी वस्तु करणाऱ्यापेक्षां कमी नसून अधिक आहे. ‘नुसतें शोभेचें तर आहे, चालेल तसें,’ हें वाक्य सर्वांत जास्त चूक येथेंच ठरतें.

परंतु लोसनें एक बाजू पाहिली नाहीं. नक्षीमुळें वस्तु लवकर टाकली जाते, हें बाजाराच्या चालीवर जगणाऱ्या नक्षीपुरतें खरें आहे. आपल्याकडे मोराच्या आकाराचे पितळी अडकित्ते जुन्या घरांतून अजून सांपडतात. सुपारी खाणारे गेले, अडकित्त्याचा उपयोग संपला; साधे होते ते मोडींत निघाले, आणि मोराचे मात्र कोणाच्यानें टाकवले नाहींत. त्या मोरानें अडकित्त्याचें आयुष्य वाढविलें. अलंकार वस्तूला अल्पायुषी करतो कीं दीर्घायुषी, हें त्याच्यावर करणाऱ्याचा किती जीव जडला होता यावर अवलंबून असतें. ज्याच्यावर करणाऱ्याचा जीव नव्हता, त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा जडेल ही आशा व्यर्थ होय.

यावरून नवशिक्यासाठीं निघणारा उपदेश साधा आहे. आराखडा कारखान्याकडे धाडण्यापूर्वीं तो कागदावर खऱ्या मापांत छापावा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापावा आणि आठ दिवस डोळ्यांपुढें ठेवावा. आठव्या दिवशीं ज्याचा कंटाळा येतो, तो कांचेच्या पाटीवर कायमचा करण्याच्या योग्यतेचा नाहीं. पांच फलक येणार असतील तर चार कोणाच्या हातीं जातील, तें आधीं ठरवावें. ज्याला कोणी घेणारा नाहीं असें वाटतें, तो आराखडा आणखी कांहीं दिवस पुठ्ठ्यावरच राहूं द्यावा. यानें हौस कमी होत नाहीं. उलट तिला वजन येतें.

आणि वडीलधाऱ्यांसाठीं सांगावयाचें तर एवढेंच, कीं त्यांनीं आपला प्रश्न सोडूं नये, पण तो थोडा लांबवावा. ‘याचा उपयोग काय?’ येथें न थांबतां, ‘यांतली कोणती रेघ काम करते आणि कोणती नुसतें चित्र आहे? मागची बाजू दाखव पाहूं. हा कोणासाठीं केलास, आणि तो किती वर्षें ठेवील?’ असें मुलाच्या शेजारीं खुर्ची ओढून विचारावें. या प्रश्नांना ज्याच्यापाशीं उत्तरें आहेत, त्याची रात्र फुकट गेली नाहीं. ज्याच्यापाशीं अजून नाहींत, त्याला तीं शोधण्यासाठीं आणखी एक रात्र देणें हें काटकसरीच्या संसारालाहि परवडण्यासारखें आहे.